गळाची खूण

शिरूर, मिशन कंपाउंड,
ता. १२ मे १९५८

प्रभूमध्ये प्रिय बन्यामीनदादा यास,

धाकट्या बहिणीचा स. सलाम. वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली कळत नाही, कारण तू पत्र लिहीत नाहीस.

आपल्या हेलनचा साखरपुडा शनिवारी झाला. रेल्वेनं तुला रजा दिली नाही, हे मला अजून पटलेलं नाही. तू गार्डाच्या डब्यात बसला नाहीस तर दौंडची मालगाडी काय रुसून बसणार होती? सख्खा मामा कुठे, म्हणून प्रत्येकानं विचारलं. पाळकांनी प्रार्थना सुरेख केली, हेन्रीनं अंगठी घातली आणि मी पदरानं डोळे पुसले. तिचे वडील गेल्यापासून मला हीच एक काळजी होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, शाळेत शिकवते, चारचौघींत उठून दिसते, पण स्थळ म्हटलं की कुठेतरी माशी शिंकायची. आता माझ्या जिवाचा घोर मिटला.

आणि जेवणाचं काय सांगू! घोडनदीत पाऊल बुडेल एवढं पाणी नाही, अशा दिवसांत हेन्रीनं दोन पाट्या भरून मासे आणले. मरळ, शिंगाळे, हातभर लांबीचे खडस. तू त्याला दाखवलेल्या, भीमेकाठच्या राहू गावच्या डोहावर स्वतः गळ टाकून धरले म्हणाला. तुझ्या भरवशावर राहिले असते तर पाहुण्यांना वांग्याची भाजी वाढावी लागली असती, कारण तू होळी झाली की गळ खुंटीला टांगतोस आणि पूर आल्याशिवाय काढत नाहीस.

मासे मीच साफ केले. तुझे मासे साफ करण्यात माझं लहानपण गेलं, आणि तुझ्या प्रत्येक माशाचा ओठ फाटलेला असायचा. ह्यातल्या एकाच्याही ओठाला ओरखडा नव्हता. किती हलक्या हाताचा माणूस असेल, दादा! असा हात आपल्या पोरीच्या वाट्याला आला, असं म्हणून मी देवाचे आभार मानले. पोटातून मात्र सगळे रक्ताळलेले निघाले, उन्हानं झालं असेल. उरलेले मीठ लावून तुझ्यासाठी बरणीत ठेवलेत. ये आणि घेऊन जा.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि रजा मिळाली तर तो इथे येऊन दाखव.

तुझी,
दबोरा


दौंड, रेल्वे कॉलनी,
ता. १७ मे १९५८

चि. दबोरा हिस,

बन्यामीनचे आशीर्वाद. वि. वि. हेलनवर माझी माया आहे तशीच आहे, पण आज माझ्याकडून गोड शब्दाची अपेक्षा करू नकोस. काल राहूला जाऊन आलो. साबणानं कितीदा हात धुतले तरी हे लिहिताना नाकात तोच वास आहे.

त्या माशांच्या ओठाला खूण नव्हती, कारण गळ पाण्यात पडलाच नाही. तुझ्या हलक्या हाताच्या जावयानं डोहात सुरुंगाच्या कांड्या टाकल्या. रस्त्याच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे ना तो, दगड फोडायच्या कांड्या त्याच्याच ताब्यात असतात. पाण्यात कांडी फुटली की माशाचं आतल्या आत सगळं फुटतं आणि वरून खवलाही हलत नाही. तू पोटातलं रक्त पाहिलंस आणि उन्हाला बोल लावलास. माशांत वाढलेली पोर तू!

मोठे मोठे तो वेचून घेऊन गेला. बाकीचे तळाशी बसले आणि मग फुगून वर आले. डोहाचं पाणी दिसत नव्हतं, नुसती पांढरी पोटं. बोटाएवढी पिल्लं, अंड्यांनी टच्च भरलेल्या माद्या, आणि सगळ्यांवर निळ्या माश्यांचा घोंघाट. गावातल्या बाया काठच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून प्यायचं पाणी नेतात. त्या नाकाला पदर लावून पाट्यांनी ती घाण उपसत होत्या आणि मध्येच बाजूला जाऊन ओकत होत्या. मीही ओकलो. जन्म माशांत गेला, पण माशाच्या वासानं मला कधी मळमळलं नव्हतं.

मी होळीनंतर गळ टांगतो ह्याची तुला मजा वाटते. उन्हाळ्यात भीमेत कोसच्या कोस वाळू असते, आणि जगलीवाचली सगळी मासळी त्या एका डोहात येऊन राहते. पूर आला की तीच पुन्हा नदीभर पसरते. राहूचे लोक तिला बियाणं म्हणतात. शेतकरी माणसं ती, उपाशी राहतील पण बियाण्याला हात लावणार नाहीत. म्हणून होळीपासून पुरापर्यंत तिथे कुणी गळसुद्धा टाकत नाही. हे सगळं मी हेन्रीला थंडीत काठावर शेजारी बसवून सांगितलं होतं. त्यानं त्यातलं एवढंच ध्यानात ठेवलं, की मे महिन्यात सगळे मासे एका जागी सापडतात.

आणखी ऐक. गावकऱ्यांनी हटकलं तेव्हा त्यानं सांगितलं, की मला बन्यामीनआप्पांनी पाठवलंय. पोपटरावांच्या मळ्याला लागून तो डोह आहे. त्यांच्या आईनं, तुळजाबाईंनी, मला आजवर भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नव्हतं. काल पाणीही विचारलं नाही. पोपटराव एवढंच म्हणाले, की आप्पा, बियानं खानारा मानूस आमच्या गावात न्हाई, तुमीच त्याला वाट दावली. मी पाठवलं नव्हतं असं मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते खरं वाटलं नाही.

मला त्या माणसाची शिसारी आली आहे. आपली हेलन त्याला देऊ नकोस. आणि ती बरणी माझ्या नावानं ठेवू नकोस.

राग ह्या पत्रापुरता, माया नेहमीची.

बन्यामीन


शिरूर,
ता. २१ मे १९५८

प्रिय बन्यामीनदादा यास,

सलाम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. मासे मेले म्हणून तू माझ्या मुलीचं लग्न मोडायला निघालास? तूही मासे मारतोसच की. ते काय तुझ्या हातात हसत हसत येतात?

हेन्रीला मी विचारलं. तो नाही म्हणाला नाही, हे तरी त्याच्या पदरात घाल. म्हणाला, पाहुण्यांसमोर सासूबाईंची मान ताठ राहावी म्हणून केलं, गळ टाकून बसलो असतो तर दोन पाट्या कधी भरल्या असत्या? नदी आहे, पाऊस पडला की नवे मासे येतील. तो दारू पीत नाही, विडी ओढत नाही, रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसतो. आपल्या समाजात अशी स्थळं झाडाला लागत नाहीत. साखरपुडा मोडलेल्या मुलीला पुढे कोण विचारणार, ते तुझ्या राहूच्या लोकांना विचारून सांग.

हेन्रीचं म्हणणं असं, की राहूला तुझी जुनी ओळख आहे, तेव्हा मीच पाठवलं होतं असं तूच कबूल करून टाकावंस. तुझ्यावर ते फार दिवस रागावणार नाहीत आणि त्याच्या नोकरीवर गदा येणार नाही. घरातल्या मोठ्यानं एवढं सांभाळून घ्यायला काय हरकत आहे? मलाही हे बरं वाटतं.

तुझं पत्र हेलननं वाचलं. मी लपवलं होतं, तिनं काढून वाचलं. तेव्हापासून ती जेवायला बसते आणि पान बाजूला सारते. ह्याचा दोष मी तुला देते.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, सध्या मलाच तो पुरवून वापरावा लागतो आहे.

तुझी,
दबोरा


शिरूर,
ता. ३० मे १९५८

तीर्थरूप मामांस,

हेलनचा सा. सलाम. वि. वि. आईचं पत्र तुम्हांला मिळालं असेल. तिच्यावर रागावू नका. ती माझ्यासाठी भांडते आहे, फक्त कुणाशी भांडायचं ते तिला समजेनासं झालं आहे.

साखरपुड्याला हेन्रींनी माझ्या पानात स्वतःच्या हातानं मोठा तुकडा वाढला होता. मी तो आवडीनं खाल्ला आणि आणखी मागून घेतला. तुमचं पत्र वाचल्यापासून ताटात काहीही आलं तरी मला तोच तुकडा दिसतो.

मी हेन्रींना एकच विनंती केली. माझ्याबरोबर राहूला चला आणि पोपटरावांना सांगा, की हे मी केलं, मामांचं नाव मी खोटं घेतलं. ते हसले. म्हणाले, त्या गावंढळ लोकांपुढे मी उभा राहू? मामा निस्तरतील, नाहीतरी त्यांना दुसरं काय काम आहे. मग लगेच, त्याच हसऱ्या तोंडानं, त्यांनी मला विचारलं, की लग्नाच्या जेवणासाठी मामांना असा आणखी एखादा डोह माहीत आहे का. मामा, त्यांनी ते चिडवायला विचारलं नव्हतं. अगदी मनापासून विचारलं होतं. माझ्या अंगावर पाल पडावी तसं झालं.

म्हणून मीच गेले. शाळेतल्या कुशाबाईंना सोबत घेतलं. न्हावऱ्यापर्यंत एस.टी., पुढे बैलगाडी, आणि भीमेचं कोरडं पात्र पायी ओलांडलं. वाळूत पुरलेले मासे कुत्र्यांनी उकरून काढले होते, त्यामुळे वाट कुणाला विचारावी लागली नाही.

पोपटरावांच्या दारात मी उभ्या उभ्याच सांगितलं. मामांनी कुणाला पाठवलं नव्हतं, त्यांना हे कळलंसुद्धा नव्हतं. मासे माझ्या साखरपुड्यासाठी मारले आणि मी ते खाल्ले. सुरुंग लावणाऱ्याचं नावही सांगितलं. मग तुळजाबाईंनी विचारलं, की पोरी, तू त्याची कोन? मी म्हणाले, होणारी बायको होते, आता कुणी नाही. हे मी घरून ठरवून नेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

तुळजाबाई आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. त्या पाण्याला अजून वास येत होता. मी ते सगळं प्याले.

निघताना पोपटराव म्हणाले, की आप्पास्नी सांगा, पूर आला की या म्हनावं. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून आले की सांगणार आहे. तेवढ्यापुरती माझ्यासाठी प्रार्थना करा.

तुमची,
हेलन


शिरूर,
ता. २४ जुलै १९५८

प्रिय बन्यामीनदादा यास,

स. सलाम. वि. वि. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. मी हेलनशी आठवडाभर बोलले नव्हते, हे तिनं तुला सांगितलं नसेल. ती तशीच आहे.

अंगठी परत द्यायला मीच गेले. वाटेत मनात होतं, की हेन्रीनं एकदा नुसतं चुकलो म्हणावं, म्हणजे मी अंगठी तशीच परत आणीन. त्यानं अंगठी उजेडात धरून खडा नीट आहे ना ते पाहिलं आणि मला म्हणाला, की माशांपायी मुलगी घरात ठेवता, पुढे पस्तावाल. मला इतकी किळस आली, दादा, की त्याच्याकडचा चहा तसाच ठेवून उठले. ह्या माणसाच्या हाताचं मी देवापुढे कौतुक केलं होतं.

कंपाउंडात लोक बोलतात. बोलू देत. हेलन शाळेत जाते, जेवते, परवा कुठल्याशा मुलीच्या चुकीवर मोठ्यानं हसली. ती बरणी मी लिंबाच्या मागं खोल खड्ड्यात रिकामी केली आणि पुन्हा कधी लोणच्यालाही वापरणार नाही.

तू लिहितोस की भीमा दुथडी भरून वाहते आहे, पण त्यात मासे किती ते देवालाच माहीत. तरी पोपटरावांनी बोलावलं आहे, तर जा. तुळजाबाईंना माझा सलाम सांग.

लोभाचं तुला काय सांगावं. मी लिहीत नव्हते तरी तो तू राखलास.

तुझी,
दबोरा

ता. क. एखादा मासा लागलाच तर इकडे घेऊन ये. एकच पुरे. मी आधी त्याचा ओठ बघीन, मगच चूल पेटवीन.