भोंग्यावरचा आवाज

९ जानेवारी

प्रिय वैजू,

फोन सोडून बाबांना हे पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज आपोआप सभेतला होतो, अशी तुझ्या आईची जुनी तक्रार आहे आणि या वेळी तिचं म्हणणं मला पटलं. कागदावर निदान खोडता येतं. याआधीचे दोन कागद मी फाडून टाकले. हा टिकला तर उद्या स्पीड पोस्टाने टाकीन.

तुझ्या हाताबद्दल जावईबापूंनी कळवलं. करंगळी आणि शेजारचं बोट अजून मिटत नाहीत, पण पेन धरता येतो म्हणाले. व्यायाम टाळू नकोस. लहानपणी पाढे टाळायचीस तसं इथे चालणार नाही. इकडे तूर सोंगून झाली, हरभरा घाट्यावर आलाय. आईचे गुडघे थंडीमुळे कुरकुरतात. ती गुडघ्यांना बोलते, मग मला बोलते. एकूण सगळं ठीक आहे.

एकोणीस तारखेला, सोमवारी, चौकशी अधिकारी येताहेत. तहसील जाळल्याच्या चौकशीत ज्यांना बोलावलंय त्या यादीत माझंही नाव आहे. या घटनेला आता तीन महिने होतील आणि किशन जीपवाला अजून आतच आहे. त्याचा जामीन दोनदा नाकारला. सोमवारी काही वेगळं पुढे आलं नाही, तर त्याला वर्षभर तरी बाहेर येता येणार नाही, असं वकील म्हणतो.

तहसील कोणी जाळलं याचा निकाल इथे रोज सकाळी बसस्टँडच्या हॉटेलात लागतो आणि संध्याकाळपर्यंत बदलतो. भैय्यासाहेबांची माणसं सांगतात की अण्णासाहेबांनी भाषणातून चिथावणी दिली. अण्णांची माणसं सांगतात की भैय्यांनीच सरकारच्या बदनामीसाठी आपली पोरं गर्दीत घुसवली. त्या दिवशीचा मोर्चा सर्वपक्षीय होता आणि दोघं एकाच स्टेजवर एकमेकांच्या गळ्यात हार घालत होते, हे आता कोणाला आठवत नाही. दोघांचे चाळीस-चाळीस सेकंदांचे व्हिडिओ फिरताहेत. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर त्यावरून अशी जुंपली की दोन हेडमास्तर ग्रुप सोडून गेले. एकमत फक्त एका गोष्टीवर आहे, ते म्हणजे किशन आपला नव्हे, समोरच्याचा माणूस. मागच्या निवडणुकीत त्याची जीप भैय्यांच्या प्रचाराला होती आणि त्याच्या आधीच्या निवडणुकीत अण्णांच्या. त्यामुळे दोघांनाही तसं म्हणायची सोय झाली.

दोघांनी निषेध सभाही घेतल्या. आठ दिवसांच्या अंतराने, त्याच मैदानात, त्याच मंडपवाल्याकडून. दोन्हीकडे सूत्रसंचालन मीच केलं. हसू नकोस, गावात दुसरं आहे कोण? पहिल्या सभेत मी म्हणालो की या हल्ल्याचा खरा सूत्रधार कोण हे जनता ओळखून आहे. दुसऱ्या सभेतही तेच वाक्य म्हणालो, कारण ते चांगलं जमलं होतं. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या.

गेल्या आठवड्यात भैय्यांचा भाऊसिंग घरी आला. "गुरुजी, तुमी फक्त येवढंच सांगा का अण्णाच्या भाषणानंतर पब्लिक भडकली. तुमच्या शब्दाले वजन हाये," म्हणाला. दुसऱ्या दिवशी अण्णांचा हरीओम आला. शब्दाचं वजन तेवढंच होतं, फक्त भाषण भैय्यांचं. आईने दोघांनाही चहा दिला. "वैजूताईच्या हातासाठी तरी बोला, गुरुजी," असं हरीओम म्हणाला, तेव्हा मला त्याच्यासमोर बसवेना. बैलाला पाणी पाजायचं निमित्त करून उठलो. बैल आपण चार वर्षांपूर्वीच विकला, हे त्याला माहीत नव्हतं हे बरं.

गुरुजी, तुम्ही स्वतः त्या दिवशी माइकवर काय बोललात, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. सूत्रसंचालकाचं बोलणं कोणी ऐकत नाही, वैजू. पुढारी उभा राहिला की मोबाइल वर जातात, मी उभा राहिलो की खाली येतात. चाळीस वर्षं मला याचं वाईट वाटत आलं. गेले तीन महिने मात्र त्याच्याच भरवशावर मी जेवतोय आणि झोपतोय.

त्या दिवशी काय झालं ते आता लिहितो. दोन्ही पुढारी भाषणं उरकून गाड्यांत बसले. एक वाशिमकडे गेला, दुसरा पोहरादेवीला दर्शनाला. सभा संपली की पाच माणसं निवेदन घेऊन तहसीलमध्ये जातात आणि बाकीचे घरी, अशी आपल्याकडची रीत. पण लोक उठेनात. पीकनुकसानीच्या भरपाईच्या यादीत नाव आलं नाही म्हणून ते सकाळपासून उन्हात येऊन बसले होते आणि दोन तासांत त्या यादीबद्दल स्टेजवरून कोणी धड बोललं नव्हतं. इकडे मंडपवाल्याला खुर्च्या संध्याकाळपर्यंत शेलूबाजारला एका साक्षगंधाला पोचवायच्या होत्या. पब्लिक उठवा म्हणून तो लांबून मला हात करत होता. मी माइक घेतला आणि म्हणालो, "बंधूंनो, आता सर्वांनी तहसीलकडे चला." कोणी हललं नाही. वाक्य मलाच बेचव वाटलं. म्हणून आवाज चढवून पुढे जोडलं, "आणि उत्तर घेतल्याशिवाय माघारी फिरायचं नाही!"

दोन-तीन हजार माणसं एकदम उठली. खोटं कशाला लिहू, माझी छाती फुगली. भाषणं त्यांची झाली आणि लोक उठले माझ्या शब्दावर, असं मनात आलं. मंडपवाल्याने लांबूनच मला नमस्कार केला.

आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नाही हे मला माहीत होतं. तहसीलदार साहेब मीटिंगसाठी वाशिमला गेलेत, ऑफिसात आम्ही चौघंच आहोत, असं सकाळी तूच मला फोनवर सांगितलं होतंस. माइक हातात असताना त्यातलं काहीएक मला आठवलं नाही. साहेब नाहीत हे आठवलं नाही, आणि तू आत आहेस हेही आठवलं नाही. याची मला लाज वाटते. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पुढचं माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे. बंद केबिन पाहून लोकांना वाटलं, साहेब मुद्दाम पळाले. मग दगड, मग काचा, मग रेकॉर्ड रूम. तुझ्या हातात काच घुसली तेव्हा मी रिकाम्या मंडपात बसून ताक पीत होतो. धूर दिसला, तर कोणीतरी कचरा पेटवला असेल असं वाटलं.

किशनला दहाव्या दिवशी नेलं. भोंग्यावरून कोणीतरी बोलावलं, असं लोकांनी सांगितलं होतं. आणि भोंगा लावलेली जीप तहसीलच्या फाटकाशी उभी होती. निवेदन देणाऱ्या म्हाताऱ्यांना परत नेण्यासाठी ती तिथे होती, हे कोणी विचारलं नाही. मंडपाचे भोंगे थेट तहसीलच्या कोपऱ्यापर्यंत बांधले होते, हेही नाही. किशन भोंग्यावर बोलला हे खरं आहे. "मांगं सरा, आत बाया हायेत," असं तो घसा फुटेस्तोवर ओरडत होता. पण त्या गोंधळात भोंगा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. चौथीपर्यंत तो माझ्याच हाताखाली तांड्यावरच्या शाळेत शिकला. आवाज खणखणीत म्हणून प्रार्थनेला मी त्यालाच पुढे उभा करायचो. त्याला नेल्यावर मी स्वतःची समजूत घातली की जामीन होईल. पहिला नाकारला तेव्हा म्हटलं, दुसरा होईल. दुसरा नाकारल्यावर घालायला समजूतच उरली नाही आणि मी बसस्टँडवर चहाला जाणं बंद केलं.

परवा दुपारी किशनची आई, रुपाबाई, घरी आली. तिच्या पिशवीत दोषारोपपत्राची जाडजूड प्रत होती, वकिलाने दिलेली. "गुरुजी, माह्या किसनानं काय केलं म्हंतेत थे मले एकडाव वाचून दाखवा," म्हणाली. तिला खुर्ची दिली तरी ती ओट्यावरच बसली. मी चष्मा लावून एकेक जबाब वाचू लागलो.  माझं बोट कागदावर जिथे असेल तिथे ती पाहत राहायची, जणू तिलाही ते वाचता येत होतं. तुझा जबाब आला आणि मी थांबलो. "काहून थांबले? वैजूताईचं हाये ना थे? लय लागलं पोरीले," असं तीच म्हणाली. मग मी तो पुढे वाचला. सगळं संपल्यावर तिने कागद नीट जुळवून पिशवीत ठेवले. जाताना म्हणाली, "इतल्या लोकायनं सांगतलं गुरुजी, पन आवाज कोनाचा होता थे एकानंही नाई सांगतलं." तिला संशय आला होता का, मला कळलं नाही. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि कडी लावून घरात आलो.

"भोंग्यावरून जमावाला तहसीलकडे बोलावणारा आवाज कोणाचा होता, हे मला ओळखता आलं नाही." वैजू, तुझ्या सहीवर हे वाक्य आहे, आणि ते वाक्य किशनच्या आईला मी माझ्याच तोंडाने वाचून दाखवलं. तू चार वर्षं माझ्या वर्गात बसलीस. वरच्या गल्लीतून मी हाक मारली तरी धावत यायचीस. आणि त्या दिवशी तर भोंगा तुझ्या खिडकीसमोरच होता. तू ओळखलंस. तीन महिने तू हे एकटीने सांभाळलंस आणि फोनवर माझ्या तब्येतीची चौकशी करत राहिलीस, याचं मला फार वाईट वाटतं. मी तारखा ताडून पाहिल्या. तुझा जबाब तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात घेतला, किशनला नेलं दहाव्या दिवशी. म्हणजे तू फक्त बापाला झाकलंस, दुसऱ्या कोणाला अडकवायला गेली नव्हतीस. पण आता तो अडकला आहे. सोमवारी मी सगळं सांगणार आहे. मला आत घेतील, घेऊ देत. आईला उद्या सकाळी सांगतो. मात्र मी बोललो की तुझा जबाब खोटा ठरेल आणि ते तुझ्या नोकरीवर येईल. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आधी इकडे ये आणि स्वतः जाऊन पुरवणी जबाब दे. औषधाची गुंगी होती, धूर होता, असलं काही सांगू नकोस. आवाज कोणाचा होता, एवढंच ते विचारतील. माझ्या वडिलांचा होता, असं सांग.

तुझाच,
बाबा