पहिली रांग कुणाची
चिंचणी, रविवार, १२ जानेवारी १९८६

सुमन, तारीख घातलीस का? कालचं पान तारखेवाचून राहिलं. म्हातारी मी आणि विसरतेस तू! आता मी सांगते तसं लिही.

तुझा भाऊ रम्या फुटबॉलचा क्लब चालवतो. आज आम्ही कोळणी बाजार उरकून, रिकाम्या पाट्या घेऊन नेहमीसारख्या मैदानावर पुढे बसलो. तर हा येऊन म्हणतो, "आजी, तुमी बायांनी जरा मागं बसा. कॉलनीतले साहेब येणार हायेत, त्यांना मासळीचा वास येतो."

वास! गोल झाला की मैदान दणाणतं ते कुणाच्या ओरडण्यानं? मी उठले, माझ्यामागे सगळ्या उठून घरी आल्या. साहेब अर्ध्या खेळातच गेले म्हणे. रम्या हरून आला आणि मलाच विचारतो, "आजी, लोकं टिकत का नाय गो?"

अरे, मग तू उठवलंस ती कोण होती?

पुढच्या रविवारीही मैदान ओस पडलं तर क्लब बंद करतो म्हणतो. बरा बंद करू देईन! आम्ही पहिल्या रांगेतच बसणार. सुमन, तू तिथे पाटीभर बोंबील तळून पाठव, गरमागरम. वास पार साहेबांच्या खुर्चीपर्यंत जाऊ दे.