ओंडक्याशिवाय उतरलेला घाट

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे, तरी लिहितोय. तोंडानं सांगायची वेळ होती ती मीच घालवली.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, मोटारी बसून होत्या, म्हणून तिसगावच्या बाजाराला लागणारं मीठ नगरहून तुमच्या बैलगाडीनं यायचं. आठ पोती. करंजीचा घाट लागला की माथ्यावरच गाडी थांबवायची आणि बाभळीचा ओंडका दोरानं आसाला बांधायचा. तो मागं रस्त्यावर घासत यायचा आणि गाडीला ओढून धरायचा. सगळेच गाडीवान तसं करायचे. नगरला ज्वारी टाकून गाडी रिकामी येत असली तर मात्र ओंडका कुणी बांधत नसे.

मी चोवीस वर्षांचा. सातवीनंतर शाळा सुटली होती, लोहाराच्या भट्टीवर काम करत होतो. पण जुन्या बाजारातून गतिशास्त्राचं एक पुस्तक आणलं होतं आणि कुणी न शिकवता त्याची निम्मी पानं पचवली होती. निम्मीच, हे इथं नीट नोंदवतो. त्यात होतं की घर्षण बाजूला ठेवलं तर जड आणि हलकी वस्तू उतारावरून सारख्याच वेगानं खाली येतात. घाटमाथ्यावर तुम्ही ओंडक्याला हात घातलात तेव्हा मी म्हणालो, "आबा, रिकामी गाडी याच्याशिवाय उतरते ना? मग भरलेली का नाही उतरणार? वेग तेवढाच."

तुम्ही पटक्याच्या शेवानं तोंड पुसलंत. "तुज्या पुस्तकात बैल हायेत का रं?"

"बैल कशाला? नियम आहे तो."

मागच्या गाडीवरचा म्हातारा ओरडला, "काय मामा, आज ओंडक्याला सुट्टी दिली व्हय?"

"पोरगं शिकलंय माजं," तुम्ही त्याला सांगितलंत. "आज त्येच्या हिशेबानं उतरू. बघू तरी." सांगताना तुम्ही हसत होता. इतकं मोकळं हसताना मी तुम्हाला फार वेळा पाहिलं नव्हतं.

तुम्ही बैलांच्या पुढं चालताय, एक हात जुवावर. मी चाकाच्या बाजूनं. पहिल्या वळणापर्यंत बैल माना मागं रेटून गाडी धरतात. दुसऱ्या वळणाच्या अलीकडं डाव्या बैलाचे खूर खडीवर घसरायला लागतात. "धर! मागनं धर!" तुम्ही ओरडता. मी मागं धावतो, गाडीला लटकतो, पाय रस्त्यावरून फरफटत जातात. आठ पोत्यांपुढं माझं वजन ते किती. गाडी तुम्हाला दगडी कठड्यावर दाबते.

पाच दिवस तुम्ही होतात. भेटायला येईल त्याला सांगायचात, "बैल बुजला. जनावर हाय, काय करायचं." सांगताना माझ्याकडं बघत नव्हतात. मी शेजारी बसून म्हणायचो, "व्हय, बुजला."

त्या पहिल्याच संध्याकाळी मी पुढचं पान वाचलं होतं. वेग सारखाच वाढतो, हे खरं. पण तो थोपवायला लागणारा जोर वजनाच्या पटीत वाढतो. रिकामी गाडी दोन माना थोपवू शकतात. आठ पोती थोपवत होता तो ओंडका. मी पुस्तक मिटलं. तुम्ही चार हातांवर पडला होतात, जागे होतात. उठून सांगायला काय लागत होतं?

डावा बैल गावात बुजरा ठरला. तुमच्यामागं त्याला कुणी गाडीला जुंपेना. वासरू असल्यापासून तुम्ही वाढवलेला तो बैल दोन उन्हाळे नुसता दावणीला उभा राहिला आणि तिथंच कायमचा बसला.

पुढं ते पुस्तक मी पुरं केलं. त्यानंतर आणखी कितीतरी. आता इंजिनं दुरुस्त करतो आणि उतारावर कुठल्या वजनाला किती जोर लागेल ते कागदावर बिनचूक मांडून दाखवतो. लोक मान देतात. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून इतकं तरी लिहून झालं. परवा करंजीचा एक माणूस इंजिन घेऊन आला होता. म्हणाला, "तुमचे वडील आमच्या घाटातच गेले ना? कशानं?"

मी म्हणालो, बैल बुजला.