रिळाच्या तळाशी हिरवी दोरी

बाबा,

उद्या मी बोटीत बसणार आहे. सिदाबच्या खडकांवर बसून आपण ज्या बोटी जाताना बघायचो ना, तसल्याच. सीबच्या बंदरातून पहाटे निघायचं, दुपारी परत येऊन मासे तोलायचे. मासे पकडायची कॉम्पिटिशन आहे. ज्यांच्याकडे बोट आहे त्यांची नावं एकीकडे, ज्यांच्याकडे नाही त्यांची दुसरीकडे, आणि मग चिठ्ठ्या काढून जोड्या लावतात. या दुसऱ्या लोकांना नॉन-बोटर म्हणतात. मी ते वाचून एकटीच हसत बसले. आपण दोघं कायम नॉन-बोटरच होतो की! फक्त त्याची वेगळी कॅटेगरी असते हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तू असतास तर तूही हसला असतास, आणि मग लगेच विचारलं असतंस, "ते असू दे, दोरी कुठली लावलीस?"

दोरीचंच सांगायला बसलेय. मराठीत लिहितेय म्हणजे चुका होतील, सांभाळून घे. शाळेत आम्ही सगळे इंग्लिशमध्येच बडबडायचो आणि गाडीत बसले की तू म्हणायचास, "वादी अदाईचा पूल आला, आता मराठी." अजूनही तो पूल आला की मी आपोआप मराठीत विचार करायला लागते. बाजूला कोणी नसलं तरी.

माझ्या चिठ्ठीत एक ओमानी काका आलेत. पांढरी दाढी, आवाज मोठा. मी त्यांना कॅप्टन म्हणते, त्यांना ते आवडलंय. त्यांनी व्हॉइस नोट पाठवली: "सुनो बेटा, दो रॉड लाओ, खलास. बड़ा बॉक्स नहीं. काला जूता नहीं, मेरा बोट सफेद है, निशान पड़ता है. और फादर को बोलो टेन्शन नहीं, मेरा भी तीन लड़की है." मी लिहिलं की फादर नाहीत, मी सातवीत होते तेव्हाच गेले. मग एक छोटी नोट आली. "अल्ला यरहमा. वो मछली पकड़ता था?" मी म्हटलं, हाँ, पत्थर से. तर म्हणतात, "पत्थर वाला आदमी अच्छा है. उसको बैठना आता है."

तर, दोनच रॉड. यूट्यूबवर बघितलं तर लोक कॉम्पिटिशनला डझनभर रॉड नेतात, आणि लूरचे, म्हणजे खोट्या आमिषांचे, वेगळे डबे. माझा पगार नवीन आहे आणि मी बसने फिरते. रुवीतल्या आपल्या त्याच गळ-काठ्यांच्या दुकानात गेले. तो मल्याळी दुकानदार, आपला चेट्टा, आता चष्मा लावतो, पण सवय तीच, आधी सगळ्यात महाग रॉड हातात देतो. "मॅडम, बोट में जाएगा तो ये चाहिए." मी तो हलवून बघितला, मस्त होता, परत दिला. सात फुटी घेतला, मीडियम हेवी, दोन तुकड्यांचा, म्हणजे बसमध्ये मावेल असा. त्यावर मध्यम आकाराचं साधं रीळ. पाण्यावर फट्फट् उड्या मारणारा एक पॉपर, खोल सोडायला दोन धातूचे जिग, दोरीच्या टोकाला बांधायच्या जाड लीडरची एक गुंडाळी, आणि एक पक्कड. भिंतीवर चमचमणारं सगळंच मला हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण तुझा आवाज कानात असला की शॉपिंग स्वस्तात होतं. आठवतं, शेजाऱ्यांनी दिलेल्या ईदीच्या पैशातून मी याच दुकानातून गुलाबी-सोनेरी लूरचा अख्खा सेट उचलला होता? तू तो भिंतीवर परत लटकवलास आणि चेट्टासमोर म्हणालास, "मासा तुझी बॅग बघत नाही. दोन घे, पण ती टाकायला शीक." मी घरापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. त्या दोनातला एक अजून आहे. रंग उडालाय, पण चालतो.

आणि तू स्वतः तसाच गेला होतास, त्या एकदा. ऑफिसमधल्या कोणीतरी त्याच्या बोटीवर बोलावलं होतं. मी दारात उभी आहे, रुसलेली, आणि तू बूट न घालता स्लीपर घालतोयस. एक काठी, एक पिशवी, आणि आईने केलेल्या थालीपिठांचा तीन पुडांचा डबा. मी म्हणते, "एवढंच?" तू म्हणतोस, "अगं, दुसऱ्याची बोट म्हणजे दुसऱ्याचं घर. पाहुण्याने सामान कमी आणि खाऊ जास्त न्यायचा." संध्याकाळी परत आलास तेव्हा नाक लाल झालं होतं आणि हातात एकच सुरमई. मी विचारलं, बाकीच्यांनी किती पकडले? तर तू सांगत बसलास की मागच्या टोकाला कसं बसायचं, मालकाने दोरी टाकेपर्यंत आपण कशी टाकायची नाही, त्याची दोरी डावीकडे असेल तर आपली उजवीकडे. मासा राहिला बाजूला. मग म्हणालास, "पुढच्या वेळी तुला नेतो. विचारून ठेवलंय." मी लगेच रुसवा सोडला. पुढची वेळ यायच्या आधी तुझं ते छातीचं झालं.

म्हणून दुसरा रॉड कुठला, यावर मला विचार करावा लागलाच नाही. तुझा.

तो कपाटावर होता, आणि रीळ खालच्या खणात, तुझ्या ऑफिसच्या काळ्या मोज्यात. मोजा आईने धुतला होता की नाही मी विचारलं नाही. रीळ फिरवलं तर फिरलं, बाबा! थोडं कुरकुरलं, तेल टाकल्यावर गप्प झालं. दर शुक्रवारी घरी आल्यावर तू स्वतःच्या आधी त्याला अंघोळ घालायचास आणि आई बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणायची, "माणसं थांबली आहेत, साहेबांचं रीळ आधी." त्याचा उपयोग झाला बघ. काठीच्या दोरी ओवायच्या कड्या तुझ्यासारख्याच तपासल्या, कापसाचा बोळा आतून फिरवून, कुठे चीर असेल तर तंतू अडकतो. कापूस देवघरातूनच घेतला. आई ओरडलीच, "देवाच्या वातींचा कापूस मासळीच्या काठीला! बापाने केलं ते कमी होतं!" पण मग तीच दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून बघायला लागली. टोकाची कडी गेली होती, तेवढी चेट्टाकडून बदलून आणली.

अडलं ते दोरीवर. रिळावर तुझीच दोरी आहे अजून, ती फिकट हिरवी. तू भरलेली. मी पेन्सिलीवर गुंडाळी धरून बसले होते आणि तू हँडल फिरवत होतास, "सैल सोडू नको, सैल सोडू नको." आता ती पांढुरकी पडलीय, स्प्रिंगसारखी वळते, दोन बोटांनी ओढली की तुटते. तिच्यावर सुरमई काय, बांगडाही टिकणार नाही. म्हणजे तुझं रीळ बोटीत न्यायचं तर तुझी दोरी काढून टाकायची, आणि दोरी ठेवायची तर रीळ परत मोज्यात. चेट्टाने ते बघितलं आणि म्हणाला, "ये खलास है, मशीन पे दो मिनट में निकालता हूँ." त्याने टोक मशीनला लावलं सुद्धा. माझ्या तोंडून एवढ्या जोरात "रुको" निघालं की दुकानातली दोन माणसं वळली. मी रीळ उचललं, नव्या दोरीची सगळ्यात छोटी गुंडाळी घेतली, कारण मोठी परवडत नव्हती, आणि बस पकडली. बसमध्ये ते मांडीवर होतं. वाटत होतं, एकच रॉड न्यावा. कॅप्टनने दोनच्या वर नको म्हटलंय, एक चालेल.

घरी आई कणीक मळत होती. मी टेबलावर रीळ ठेवून नुसतीच बसले, तशी म्हणाली, "काय झालं?" सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "सगळी कशाला काढतेस? तुझे बाबा कधी सगळी काढायचे? खालची तशीच ठेवायचे आणि चांगली वरून भरायचे. महाग दोरी तळाशी घालून काय करायची, मासा तिथपर्यंत जातो का, म्हणायचे." मला आठवलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुला कसं माहीत? तुला तर वास यायचा, तू खोलीतच यायची नाहीस." ती म्हणाली, "वास नाकाला यायचा. कान उघडे होते."

मग मी हाताने काढायला लागले. वरची सगळी कुरकुरीत दोरी निघाली, जमिनीवर ढीग झाला. जशी खाली जात गेले तशी ती बदलत गेली. आत ऊन लागलं नव्हतं ना. तळाचे काही थर अजून हिरवे आहेत, मऊ आहेत. आणि सगळ्यात खाली, दांड्यावर, तू मारलेली गाठ असणार. ती मी बघितली नाही. तिथपर्यंत गेलेच नाही. हिरवा रंग आला तिथे थांबले.

नवीन दोरी पिवळी आहे. ती हिरवीला जोडताना मी गाठ तोंडात धरून ओली केली, "कोरडी गाठ ओढायची नाही, जळते." खारट लागली. तू इतकी धुवायचास, खारट कशी असेल, पण लागली. मग आईने हात धुतले, पेन्सिल मागितली, आणि गुंडाळी धरून समोर बसली. ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरून. मी फिरवत होते. छोटी गुंडाळी बरोब्बर पुरली, रीळ काठापर्यंत भरलं. "सैल सोडतेय का मी?" ती मध्येच म्हणाली. मी म्हटलं, नाही, छान धरलंयस. तिने खाली बघितलं आणि फडकं आणखी घट्ट धरलं. आता ती थालीपिठं करतेय, तीन पुडांचा डबा भरून. कॅप्टनला तिखट चालतं का म्हणून मला दोनदा विचारून झालंय.

हे कागद मी बोटीत नेणार नाही. सामान कमी सांगितलंय. तुझ्या मोज्यात घालून खणात ठेवते, तो आता रिकामाच आहे.

एकच गोष्ट राहिली, आईलाही सांगितलेली नाही. उद्या सगळ्यांना मोठा मासा हवाय, वजनासाठी. मलाही हवाय. पण मला एवढा मोठा हवाय की तो थांबणारच नाही, पिवळी दोरी ओढत नेईल, नेतच राहील, रीळ किंचाळेल, आणि तळातून ती हिरवी वर येईल. तिथे पोचला की ती तुटणार, मला माहितीय. मासा जाईल, नंबर जाईल, कॅप्टन डोक्याला हात लावेल. तरी मला ती एकदा पाण्यात जाताना बघायचीय, बाबा.