कर्जातल्या कारखान्याचं स्थळ

कुरखेडा,
ता. ६ मार्च १९५६

चि. सौ. इंदूस दादाजीभाऊचे अनेक आशीर्वाद.

धानाची मळणी झाली, घरी सारे बरे आहेत. पण तुझ्या बिरजूला माझी भागीरथा द्यायचे तूर्त थांबव. रागावू नकोस, आधी वाच. बाजाराच्या दिवशी मास्तरांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. सरकार नव्या योजनेसाठी कर्ज काढणार आहे; माणशी वाटणी केली तर पाळण्यातल्या पोरावरही येईल इतके. बिरजूच्या कागद कारखान्यातले यंत्र जर्मनीचे, हे तूच लिहिलेस. उद्या बाहेरचा सावकार वसुलीला आला तर आधी यंत्र उचलेल, मग यंत्रावरचा माणूस. आणि तीस साली ज्याने विलायती कापडाची होळी केली, त्याचा जावई परदेशी यंत्राला तेल घालणार? तू पाठवलेले त्या कारखान्याचे कोरे कागद परत करतो. हे पत्र जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिले आहे.

भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादाजीभाऊ

चांदा,
ता. १५ मार्च १९५६

ती. दादाजीभाऊंस इंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचत चुलीपाशीच बसून राहिले, भात करपला. बिरजू म्हणतो, मामाजींना सांग, बांबू त्यांच्याच रानातला, तोडणारे गोंड आपले, मजुरीही इथेच राहते, मग कागद परका कसा? मला बरे वाटले. पण रुपयातले किती आणे आपले नि किती जर्मनीचे, हे विचारल्यावर तोही डोके खाजवू लागला. ह्यांचे म्हणणे, सरकार बरेचसे कर्ज आपल्याच लोकांकडून घेते. हे मला मुळीच उमजले नाही. घेणारेही आपण, देणारेही आपणच, तर भ्यायचे कोणाला?

आणि भाऊ, तुमचा चष्मा कुठला हो? विलायती काच म्हणून चार रुपये जास्त मोजलेत. त्या काचेतून माझे पत्र वाचलेले चालते, माझा मुलगा मात्र चालत नाही! पोरीला विचारलेत का? तिच्या हिरव्या चुड्याचे मी सांगून ठेवले आहे.

धाकटीवर लोभ आहे तसाच असू द्यावा.

आपली,
इंदू

कुरखेडा,
ता. २८ मार्च १९५६

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

मास्तरांना विचारले, तर ते म्हणतात तुझेही खरे नि माझेही खरे. असे कसे असेल? भागीरथा ताट वाढून निघून जाते. काल एवढेच विचारले, सावकार दिसते कसा म्हून. पण जाणूनबुजून पोर कर्जात लोटणार नाही. साखरपुड्याचे लुगडे उद्या परत पाठवतो. मला माफ कर.

दादाजीभाऊ

कुरखेडा,
ता. २९ मार्च १९५६

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

कालचे पत्र चुलीत घाल.

लुगडे काढायला पेटी उघडली, तर तळाशी एक इंग्रजी कागद निघाला. दोन वर्षांमागे तहसीलदारांच्या कॅम्पात मी योजनेला धानाचे शंभर रुपये दिले होते. देणगी दिली म्हणून गावभर मिरवलो, हारही घालून घेतला, आणि पोचपावती समजून तो कागद घडी करून ठेवला. आज मास्तरांनी वाचला. त्यात लिहिले आहे की सरकारने हे रुपये कर्जाऊ घेतले, दहा वर्षांनी परत करील, शिवाय व्याज. मी दोनदा वाचायला लावला. भागीरथा दाराशी उभी होती. मला फार लाज वाटली, इंदू.

तरी गुंता सुटला नाही. माझ्या वाटणीचे कर्ज मी मलाच फेडायचे काय? काही कर्ज बाहेरच्या देशांचेही आहे, असे मास्तर म्हणतात. ते किती, त्यांनाही ठाऊक नाही. जावयाला विचारून ठेव.

तुझ्या कागदांपैकी एक परत पाठवायचा राहिला होता, त्यावरच हे लिहितो आहे. शाई छान उठते.

लुगडे ठेवून घेतले आहे. वैशाखात हा सावकार कारखान्याच्या दारात येईल, पण उचलून काही नेणार नाही, आपली पोर देऊन जाईल. तो शंभराचा कागद तिच्या ओटीत घालीन.

वेड्या भावाला पदरात घे.

तुझा,
दादाजीभाऊ