न मोजलेला धोंड्याचा महिना

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ११ मार्च १९७८

ती. अव्वाच्या पायांवर गंगम्माचे डोके.

धाकटी महादेवी माझ्याकडे सुखरूप आहे. काल तिच्या पोटात थोडं दुखलं, पण लगेच देव पाण्यात घालू नकोस. तुझ्या हिशेबानं आठवा अजून संपायचाय, म्हणून पोरगी रडायलाच लागली. "अक्का, आठव्यातलं पोर जगत न्हाय म्हणत्यात की!"

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. वीस जून म्हटल्यावर त्या तीन महिने मागे गेल्या, सात दिवस पुढे आल्या, आणि सत्तावीस मार्चवर थांबल्या. ही डॉक्टरी फुगडीच! म्हणाल्या, "नववा भरत आलाय. होळीच्या आसपास बाळंत होईल. बाळ छान वाढलंय."

घरी येऊन पंचांग उघडलं. अव्वा, औंदा श्रावण दोन होते! अधिकात शुभकार्य नसतं, म्हणून तू तो महिनाच मोजला नाहीस. त्याच महिन्यात धाकट्या जावयाला बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घातलेस, ते बरं चाललं? पोटातलं लेकरू काय पंचांग विचारून वाढतं?

दुखणं थांबलंय. महादेवी जेवली, हसलीसुद्धा. पण "अव्वा कवा येणार?" असं तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मीच विचारते.

तुझा गुडघा कसा आहे? तू ठरवलेल्या पाडव्याची वाट न बघता धाकट्या जावयाला घेऊन ताबडतोब ये. झबल्याच्या बाह्या राहिल्या असतील तर इथे बसून शिव. नातू झाला तर त्याचं नाव धोंडिबा मात्र ठेवू देणार नाही.

तुझी तिखट लेक,
गंगम्मा