पाण्यामागची कपार

१२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोकरीतून मोकळी झालीस, बरं वाटलं. इस्पितळातल्या लोकांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं हे वाचून तुझी वहिनी खूप हसली. जन्मभर ज्याच्यामागे पळवलं तेच जाताना गळ्यात बांधलं, असं तिचं म्हणणं.

इकडची बातमी बरी नाही. घळीतली वरची वाट बंद होते आहे. गेल्या पावसात दरड आली आणि वाटेचा कठडा घेऊन गेली. जंगलखात्याचा एक माणूस बुटाला टाके घालायला दुकानात आला होता. जूनमध्ये वाटेवरचा झुलता पूल काढून टाकणार, असं तो सांगत होता. नवी वाट पलीकडच्या डोंगरावरून जाईल. ती रुंद आहे, धोक्याची नाही, आणि तिच्यावरून वरचा धबधबा दिसत नाही.

तुला तो दाखवायचा राहिलाच. लहानपणी बाबा मला वर घेऊन गेले आणि तुला आईजवळ खालच्या डोहावर ठेवलं. मी खाली येऊन सांगितलं होतं की पाण्याच्या मागे कपार आहे, तिच्यात उभं राहिलं की पुढचं सगळं रान पाण्यातून दिसतं. मोठा झालो की तुलाही नेईन, असंही म्हणालो होतो. मोठे तर केव्हाच झालो. दर वर्षी तुझ्या इस्पितळातल्या पाळ्या आल्या नाहीतर माझी गिऱ्हाइकं आली.

मे महिन्यात ये. तेव्हा पाणी बेताचं असतं, आत शिरता येतं. बूट मी करतो. बाजारातले घालून आलीस तर दारातून परत पाठवीन.

आशीर्वाद आहेत. उत्तराला नेहमीसारखा उशीर करू नकोस.
तुझा दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर केला नाही, याची नोंद घ्यावी.

मी येते. मे महिन्याचा दुसरा आठवडा धर. हे येणार नाहीत. बहीणभाऊ डोंगरात भांडायला लागले की मध्ये कोण पडणार, असं म्हणतात. त्यांनी घड्याळ स्वयंपाकघरात लावलं आहे आणि चहा वेळेवर मागतात.

बूट अवश्य कर. पण पायाचं माप पाठवू का? कागदावर उभी राहून पेन्सिल फिरवून घेते. वॉर्डात उभं राहून राहून पाय पसरलेत, दादा. लग्नाच्या वेळचा पाय आता राहिला नाही. तेव्हाचं बाकीचंही फारसं राहिलेलं नाही, पण त्याला बूट लागत नाहीत.

तब्येत सांभाळ. रागावलास तरी चालेल, लिहीत राहा.
तुझी ठकू

१ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

माप पाठवू नकोस. तुझ्या पायाचा लाकडी फरमा फळीवर आहे. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी मीच कोरलेला. गावातली माणसं गेली की त्यांचे फरमे मी जळणात टाकतो. तुझा पुसून ठेवतो. तुझ्या डाव्या पायाची करंगळी आत वळलेली आहे, हे कागदावरची पेन्सिल मला काय सांगणार? पाय पसरले, असं या दुकानात येणारी प्रत्येक बाई म्हणते.

चामडं चांगलं मिळालं आहे. वरचा भाग एका तुकड्यातून कापला, बाजूला शिवण ठेवली नाही, म्हणजे पाणी आत यायचं नाही. असे बूट मी हल्ली कुणाला करून देत नाही. वेळ लागतो आणि डोळे दुखतात. हे तुझे शेवटचे म्हण.

वहिनी विचारते, तुला उशी उंच लागते की सपाट.
तुझा दादा

४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बूट मिळाले. खोक्यातून काढले आणि टेबलावर ठेवून दोघं बघत बसलो. हे म्हणाले, हे घालायचे नसतात, कपाटात ठेवायचे असतात. मी घातले. जिन्यावरून चढउतार केली. ते मला ओळखतात असं वाटलं. दुसरं काय लिहू?

उशी सपाट.

तुझ्या हातांना नमस्कार.
तुझी ठकू

४ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वेगळ्या पाकिटात घातलं आहे, दादाच्या हाती देऊ नका. बूट लागतात. दोन्ही बाजूंनी लागतात, आणि डाव्या पायाला जास्त. इथला चांभार ताणून देईन म्हणाला. पण त्याने हात लावला की दादाला लगेच कळेल. दुसऱ्याचा टाका त्याला लांबून दिसतो. परत पाठवले तर मे महिन्यापर्यंत पुन्हा होणार नाहीत, आणि त्याच्या डोळ्यांचं तुम्हीच लिहिलं होतंत. रोज घालते आहे. चामडं सैल होईलच. पायाने त्याहून पुष्कळ सोसलं आहे.

त्याला सांगू नका. मला तो धबधबा बघायचा आहे.

माझ्यावर आहे तो जीव राहू द्या.
तुमची ठकू

१९ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचं कळलं. मी स्टँडवर नीट बोललो नाही. त्याची लाज वाटते म्हणून लिहितो.

खालच्या डोहापर्यंत तू माझ्यापुढे होतीस. दुसऱ्या धबधब्यापाशी काकडी खाल्ली, तेव्हाही हसत होतीस. मग पुलाच्या अलीकडच्या पायऱ्यांवर बसलीस आणि म्हणालीस की दम लागतो, पुढे येत नाही. मी म्हटलं, हवं तितकं थांबू, दिवस मोठा आहे. तर म्हणालीस की धबधबा म्हणजे पाणीच, खाली पुष्कळ पाहिलं. ते मला लागलं. उतरताना एक शब्द बोललो नाही. तुझ्या येण्यात हौस नव्हती, माझं मन राखायला आलीस, असं धरून चाललो.

आता वेगळंच डोक्यात येतं. इस्पितळाचे जिने जन्मभर चढलेली बाई, तिला तिथे दम का लागावा? छाती तपासून घे. तू दुसऱ्यांना सांगायचीस तेच सांगतो आहे. हयगय करू नकोस.

बूट इथेच ठेवून चपलांवर गेलीस. टाच थोडी झिजली म्हणालीस, ती बघून पाठवतो.

काळजीत आहे. लवकर लिही.
तुझा दादा

२ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी काही सांगितलं नाही. बुटांनी सांगितलं. टाच बसवायला यांनी डावा बूट मांडीवर घेतला, सवयीने हात आत घातला. अस्तर करंगळीपाशी काळं पडून कडक झालं होतं. उजव्यातही तेच. मला हाक मारून विचारलं, तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं.

ओरडले असते तर परवडलं असतं. दुकान बंद करून आत येऊन बसले. फरमा फळीवरून काढून कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

तुमचं ऐकून गप्प बसले, हे माझं चुकलं. तुम्ही इथे उतरलात त्या संध्याकाळीच मला बोलता आलं असतं. तुम्ही दोघं वाटेच्या गप्पा मारत होता, घरात इतकं चांगलं वाटत होतं, म्हणून जीभ उचलली नाही. पायांना मलम लावता ना?

राग धरू नका.
तुमची वहिनी

१४ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

काल पूल काढला. मी गेलो होतो. आधी फळ्या काढल्या, मग दोर सोडला, तो घळीत लोंबत राहिला. काम करणाऱ्यांपैकी एकाच्या पायात माझेच बूट होते. त्याने हात केला, मी नुसती मान हलवली.

परतताना तू बसलीस त्या पायरीवर बसलो. पूल ओलांडला की एकच वळण, मग पाणी. हे मी तुला सांगितलं नव्हतं. वर पोहोचल्यावर एकदम दिसावं, अशी माझी हौस.

मला एकच कळत नाही. कातडं कापायची रापी माझ्या पिशवीत होती. तू नुसतं लागतंय म्हणाली असतीस तर दोन्ही बूट बाजूने चिरून दिले असते. एका चिरेचं काम होतं. बोटं बाहेर काढून तू वर गेली असतीस. बूट वाया गेले असते, एवढंच. बुटाचं काय आहे? माप मागवलं नाही हा माझा हट्ट, तो मला पुरून उरला. पण तिथे तू का बोलली नाहीस?

आशीर्वाद.
तुझा दादा

२२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

छाती ठीक आहे. डॉक्टरांना दाखवून आले. तू तिकडे झुरत होतास, आणि दम लागल्याच्या खोट्याला काहीतरी शिक्षा हवीच होती. करंगळ्या बऱ्या आहेत.

रापी तुझ्याजवळ आहे हे मला माहीत होतं. तिनेच तू काकडी चिरलीस, मी समोर बसले होते. मी एक शब्द बोलले असते तर तू बूट चिरले असतेस हेही माहीत होतं. म्हणूनच बोलले नाही. डोहापासून वर तू पुढे झालास आणि सारखा मागे वळून बघत होतास. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. दर वेळी बघून खूश व्हायचास. इतकं खूश मी तुला कधी पाहिलं नव्हतं. त्यावर तुझ्याच हातून रापी फिरवायची, हे माझ्याने होईना. वाटलं, धबधबा तर धबधबा.

त्या पायरीवर वरून गार वारा येत होता. अंगावर बारीक तुषार पडत होते. ते कुठून येतात हे मला कळत होतं. वळण एकच आहे हे तुझ्या पत्रातून कळलं. ते लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

आता विचारशील तर काप म्हणेन. दोन्ही काप. तेव्हा तुझ्याकडे बघत होते.

हे बोलावताहेत, इथेच थांबते. माया आहे तशीच असू दे, आणि वहिनींवर रागावू नकोस.
तुझी ठकू